रविवारी चार वाजता, पलीकडे

नदीवरच्या उघडणाऱ्या पुलाच्या केबिनच्या काचेतून आत्याला आधी दिसलं ते दादाचं टक्कल, आणि तिचा जीव भांड्यात पडला. आला तर खरा! आठवडाभर त्याने जी काही नाटकं केली होती ती बघता, तो आज घराबाहेर पाऊल टाकेल यावर तिचा मुळीच भरवसा नव्हता. सोमवारी त्याची पाठ धरली. बुधवारी पोटात कळ आली. काल तर 'मीच कशाला हवा, बारक्याला पाठवा' इथपर्यंत मजल गेली होती. पण आता तो पुलाच्या उजव्या फूटपाथवरून इस्त्रीचा शर्ट घालून चालला होता, आणि चालता चालता सवयीने कठड्याचा रंग नखाने खरवडून बघत होता. आयुष्यभर या पुलाला रंग देणाऱ्या टोळीचा तो मुकादम. निवृत्त झाला, तरी पुलावर आला की त्याची मान वर म्हणून होत नसे.

त्याच्यामागे बारक्या. हा आत्याचा धाकटा भाऊ, बस चालवतो, आणि बारक्या फक्त नावाचा. वळणावर आधी त्याचं पोट वळतं आणि मग बस. त्याच्यामागे त्याची बायको, जिला सगळी गल्ली धाकटी वहिनी म्हणते, खांद्याला भली मोठी पर्स. आणि सगळ्यात शेवटी दादाची मुलगी, दातांची डॉक्टर, आत्याची लाडकी भाची. मोबाइलमध्ये बघत चालली होती आणि तरी कुणाला धडकत नव्हती.

सगळे निघाले होते पलीकडे, टगवाल्यांच्या, म्हणजे मालाच्या होड्या ओढणारी टगबोट चालवणाऱ्या माणसाच्या घरी. चार वाजता आत्याची ड्यूटी संपणार होती, बदलीवाला येणार होता, आणि मग तीही मागोमाग जाणार होती. आत्याने खणातून कंगवा काढला. चोपन्नाव्या वर्षी स्वतःच्या लग्नाच्या बोलण्यांसाठी केस विंचरावे लागतात हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

केसांतून कंगवा फिरवता फिरवता तिचं लक्ष डाव्या फूटपाथवर गेलं, आणि हात तिथेच थांबला.

डाव्या फूटपाथवरून, अगदी उलट दिशेने, टगवाले येत होते. दाढी गुळगुळीत, पायात नवे बूट, सोबत त्यांची बहीण, बहिणीच्या हातात दोरी बांधलेला केकचा खोका. दोघं रमतगमत आत्याच्या काठाकडे चालले होते. मधल्या रस्त्यावर बसगाड्यांची रांग उभी होती, त्यामुळे दोन्ही फूटपाथवरच्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. आणि असता तरी काय? दादाने या माणसाला आजवर पाहिलंच नव्हतं.

"अहो, हे कुठे निघाले?" आत्या केबिनमध्ये एकटीच मोठ्याने म्हणाली. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं बाई गं!"

आता यात चूक आत्याची होती का? होती. शंभर टक्के होती, आणि ती करायला आत्याच हवी होती.

वायरलेसवर एक शिस्त असते. अलीकडे-पलीकडे हे शब्द तिथे चालत नाहीत. जो ज्या काठावर उभा, त्याचं तेच अलीकडे; मग बोटवाला एकीकडे जातो आणि पूलवाला दुसरीकडे वाट बघतो. म्हणून डावा काठ, उजवा काठ असं आणि असंच बोलायचं. नवीन आलेल्या ऑपरेटरने चुकून 'पलीकडे' म्हटलं की आत्या त्याची अशी हजेरी घेई की तो घरी जाऊन बायकोशीसुद्धा डावा-उजवा करत बसे.

घरात मात्र सगळा अलीकडे-पलीकडेचाच कारभार होता. आजोबांपासून घर डाव्या काठावर, म्हणून डावा काठ तो अलीकडे आणि उजवा तो पलीकडे, जगबुडी आली तरी. दादा तर उजव्या टोकाचे खांब रंगवायला महिनोन्‌महिने तिकडे असायचा, तिथेच डबा खायचा, आणि तिथून घरी फोन करून सांगायचा, "मी पलीकडे आहे." स्वतः उभा आहे तीच जागा पलीकडे! असं हे घराणं.

तर मंगळवारी टगवाल्यांचा आवाज आला होता. "पूल, पूल, टग बोलतोय. रेतीचे दोन बार्ज घेऊन येतोय, उघडाल का? आणि... ते घरच्यांना भेटायचं कधी ठरवलंत?" आत्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्या चॅनलवर नदीवरच्या झाडून सगळ्या बोटी कान लावून बसलेल्या असतात. तिने एका दमात सांगून टाकलं, "रविवारी चार वाजता, पलीकडे. ओव्हर."

"पलीकडे. समजलं. ओव्हर."

समजलं म्हणे! दोघांनाही अगदी व्यवस्थित समजलं होतं, फक्त वेगवेगळं.

आत्याने लाउडस्पीकरचं बटण दाबलं. तो लोकांना फाटकापासून लांब ठेवायला होता, घरगुती कामाला नव्हता, पण वेळच तशी आली होती. "दादा! अरे दादा, थांब!"

पुलावरचे झाडून सगळे दादा थांबले. सायकलवाला थांबला, फुगेवाला थांबला, वाहतूक पोलीस थांबला आणि दचकून स्वतःच्या छातीकडे बोट दाखवू लागला. थांबला नाही तो एकच, तिचा दादा. जन्मभर हातोडीने गंज झोडपून त्याचे कान कामातून गेले होते. भाचीच्या कानात गाणी होती. बारक्या आणि धाकटी वहिनी आपसांत काहीतरी जोरजोरात बोलत होती, म्हणजे भांडत होती.

टगवाले मात्र थांबले. तो आवाज त्यांनी झोपेतसुद्धा ओळखला असता. ते वर बघून हसले.

आत्याने खिडकी उघडून हातवारे केले. "तुम्ही कुठे चाललात? तिकडे! तिकडे जा!"

वाऱ्यात तिचा आवाज विरून गेला. त्यांनी घड्याळावर बोट ठेवलं, 'बघा, वेळेवर आलो की नाही' असा चेहरा केला, बहिणीने खोका उंचावून दाखवला, आणि दोघं पुढे निघाली.

तेवढ्यात नदीवरून भोंगा वाजला. गाळ काढणारं जहाज वाट मागत होतं. त्याचा उंच दांडा पुलाखालून जाणं शक्यच नव्हतं, आणि एकदा भोंगा वाजला की पूल उघडावाच लागतो. त्यात कसली सबब चालत नाही. आत्याने घंटा सुरू केली. फाटकं खाली आली. दादाची वरात उजव्या फाटकापलीकडे गेली, टगवाले डाव्या फाटकाबाहेर गेले, रस्ता रिकामा झाला, आणि आत्याने डोळे मिटून पूल उघडायचा दांडा पुढे ढकलला. पुलाचा मधला भाग पलीकडच्या टोकाशी सुटून वर उचलला गेला. स्वतःच्या लग्नाची गोष्ट तिने स्वतःच्या हाताने दोन काठांवर वाटून टाकली.

जहाज गेलं ते एखाद्या पोटभर जेवलेल्या माणसासारखं, सावकाश. आत्याने पूल खाली घेतला. आला, आला, आणि पलीकडच्या खांबावर टेकायला वीतभर राहिला असताना अडकला. हिरवा दिवा लागेना. तिने वर घेतला, पुन्हा खाली आणला. पुन्हा तेच.

"फुगलास ना? आजच फुगायचं होतं?" ती पुलाला म्हणाली. उन्हाने लोखंड तापलं की ते लांबतं आणि आपल्याच जागेत मावत नाही. मग पाण्याची बोट बोलवायची, फवारा मारायचा, ते थंड होऊन आक्रसेपर्यंत बसून राहायचं. तिने वायरलेसवर बोट मागवली. उत्तर आलं, "रविवार आहे बाई. माणसं गोळा करून येतो. तासभर धरा."

बदलीवाला उजव्या काठावर राहायचा. म्हणजे तोही तिकडेच. म्हणजे केबिन सोडून खाली उतरायचीसुद्धा सोय नाही. आत्या स्टुलावर बसली आणि तिला हसूच फुटलं. रडायला वेळ तरी कुठे होता? फोन वाजत होता.

"आत्या," भाची कुजबुजत होती, "बोटी दुरुस्त करायच्या यार्डामागे, तिसरा मजला, हेच ना घर?"

"हेच. पण ऐक..."

"तू ऐक आधी. दार एका आजींनी उघडलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, इतके जण कशाला आलात, एक नळ तर गळतोय."

"काय?"

"त्यांना वाटलं आम्ही प्लंबर! मी सांगायला तोंड उघडलं, तोवर काका आत जाऊन सिंकखाली आडवे झाले. आता फक्त त्यांचे पाय दिसतायत. म्हणतायत, वायसर गेलाय, पक्कड द्या."

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं, त्या आई त्यांच्या. गुडघ्यांमुळे त्या आल्या नसणार. आणि हे दोघं बहीण-भाऊ इकडे आलेत. आपल्या घरी."

"आपल्या घराला तर कुलूप आहे!"

"ते त्यांना आता कळलंच असेल."

कळलंच होतं. केबिनच्या टॉवरच्या खाली, जिन्याच्या दारापाशी, टगवाले आणि त्यांची बहीण येऊन उभी होती. बाहेरच्या माणसाला केबिनमध्ये प्रवेश नव्हता, आणि प्रत्यक्ष आजोबा आले असते तरी आत्याने तो नियम मोडला नसता. तिने फोन खिडकीच्या पट्टीवर ठेवला आणि खाली वाकून बघितलं.

"घराला कुलूप होतं," टगवाले खालून म्हणाले. तक्रार नव्हती, नुसती बातमी होती.

बहिणीला मात्र तक्रार होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि उत्तर चुकलं की तिला राहवत नसे. "मी याला पुलावरच म्हटलं, त्या बाई तिकडे जा म्हणून खुणा करतायत. हा म्हणे, छे गं, पूलबाई वायरलेसवर कधी चुकत नाहीत."

"पूलबाई चुकल्या," आत्या म्हणाली.

"तुम्ही?" टगवाल्यांचा विश्वास बसेना. "पण तुम्ही पलीकडे म्हणालात ना?"

"म्हणाले."

"मग मी पलीकडेच आलोय की."

माणूस अगदी बरोबर होता. बहिणीने बाकावर बसून खोक्याची दोरी सोडायला सुरुवात केली. "तासभर लागणार असेल तर हा केक काही टिकत नाही. उन्हाने आत्ताच कलंडलाय," ती म्हणाली, आणि कुणाची वाट न बघता खायला लागली.

फोनमधून आता दुसरा आवाज आला. धाकटी वहिनी. आठवडाभर आत्याच्या बाजूने ठामपणे उभी राहिलेली ती एकटीच. दादा तोंड फिरवून बसला, बारक्या दादाच्या मागे लपला, तेव्हा हीच म्हणाली होती, 'वन्संनी आयुष्यभर तुमची उस्तवार केली, आता त्यांना त्यांच्या मनासारखं करू द्या.' आज मात्र तिचा सूर वेगळा होता.

"वन्सं, तीन मजले! लिफ्ट नाही. जिना असा की समोरून मांजर आलं तर वाट द्यावी लागेल. तुमचे गुडघे काय म्हणतील?"

"माझे गुडघे रोज या टॉवरचा जिना चढतात."

"आणि खोल्या दोनच. म्हणजे तशा स्वच्छ आहेत. पण दोनच."

"वहिनी," आत्या म्हणाली, "काल रात्रीपर्यंत तुम्ही माझ्या बाजूने होतात."

मग धाकटी वहिनी दारामागे गेली असावी, कारण आवाज एकदम खाली आला. "खरं सांगू का? रागवू नका. जिना चढताना दादांना दम लागला. दोनदा थांबले. मी मागून बघत होते. आणि माझ्या एकदम लक्षात आलं, तुम्ही गेलात की संध्याकाळी दादा माझ्या टेबलावर जेवायला येणार. येऊ देत हो, मी काय नको म्हणतेय? पण ते काही बोलत नाहीत, वन्सं. ताटाकडे बघत बसतात. तुम्ही त्यांना ओरडता, वाद घालता, मग ते दोन घास जास्त खातात. मला नाही जमणार ते. मी सून पडले, मी कशी ओरडू?"

धाकटीने आत्याच्या मनातल्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं होतं. दादाची बायको गेली तेव्हा भाची शाळेतही जात नव्हती. तेव्हापासून संध्याकाळचं जेवण आत्या आणि दादा समोरासमोर बसून जेवत आले होते, रोज भांडत, आणि त्या भांडणाशिवाय दोघांनाही अन्न गेलं नसतं. तिला टगवाल्यांशी लग्न करायचं होतं, हे पक्कं होतं. पण त्या टेबलावर एकटा बसलेला दादा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. म्हणून तर तिला त्याचा होकार हवा होता. नुसता मान हलवून दिलेला नव्हे, तर खुशीने दिलेला.

"बारक्या काय म्हणतो?" तिने विचारलं.

"त्यांचं विचारूच नका. नळ दुरुस्त झाला, आजींनी त्यांना चार उकडलेली अंडी मिरपूड घालून दिली, आणि मंडळींनी पक्ष बदलला. म्हणतात, माणसं चांगली आहेत. पक्कडसुद्धा चांगल्या कंपनीची आहे."

आत्या खुदकन हसली. इतक्यात फोनमध्ये पाठीमागे कुणीतरी चढ्या आवाजात बोलू लागलं आणि भाचीने फोन हिसकावून घेतला.

"आत्या, बाबांचं आणि आजींचं जुंपलं!"

"कशावरून? माझ्यावरून?"

"रंगावरून! आजी गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, हा पूल आहे बरा, पण त्याला तो शेवाळासारखा हिरवा रंग कुणी फासला देव जाणे. रोज सकाळी उठून तेच तोंड बघावं लागतं. आणि बाबा म्हणाले..."

बाबा काय म्हणाले ते फोनवरून थेट ऐकू येत होतं. "मावशी, तो शेवाळी नाही! त्याला नदीहिरवा म्हणतात! मी तीनदा सांगून मिसळून घेतला होता तो!"

"तुम्ही?" म्हातारीचा आवाज. "तुम्ही फासलात?"

"फासला नाही, दिला!"

"आणि मधल्या खांबावर तो वेगळाच डाग कसला? तोही नदीहिरवाच का?"

भाची फोनमध्ये हसू दाबत होती. "आत्या, बाबा खाली मान घालून सांगतायत की त्या वर्षी डबा कमी पडला होता."

"कबूल केलं?" आत्याला खरंच वाटेना. त्या डागावरून घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही असा अलिखित कायदा होता.

"केलं! आणि आजी म्हणतायत, बघा, मी इतकी वर्षं म्हणत होते की डबा कमी पडला असणार, आणि घरात कुणी माझं ऐकत नव्हतं. आता त्यांनी बाबांना खुर्ची दिली. स्वतःच्या शेजारी. थांब, बाबा फोन मागतायत."

आत्या उभी राहिली. खाली टगवाल्यांनी तिचा चेहरा बघितला आणि हातातला केकचा तुकडा तसाच धरून ठेवला.

"ठमे," दादा म्हणाला. या नावाने तिला हाक मारणारा जगात तो एकटाच उरला होता.

"बोल दादा."

"इथल्या गॅलरीतून तुझी केबिन दिसते. तूही दिसतेस. खिडकीत उभी आहेस."

"हो."

"आणि खाली तो उंच माणूस उभा आहे, तोच का तो?"

"तोच."

"खातोय काय?"

"केक. तुमच्यासाठी आणला होता."

"खाऊ दे, खाऊ दे." दादाने खुर्ची गॅलरीच्या कठड्याजवळ ओढली. "ठमे, मला हे हसून करायला जमत नाहीये गं. आठवडाभर प्रयत्न केला. पाठ-बीठ काही दुखत नव्हती माझी."

"माहीत आहे मला."

"तुझी वहिनी गेली त्या दिवशी तू म्हणालीस, दादा, मी आहे. मी तेच धरून बसलो. किती दिवस आहेस, हे मी तुला कधी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं, नाही का?"

आत्याचे डोळे भरून आले. "मीही सांगितलं नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं? मला तिथे बरं वाटत होतं, दादा. मी उपकार करत नव्हते कुणावर."

"मग आता?"

टगवाले खाली सगळं ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखं नदीकडे बघत होते. त्यांच्या बहिणीने तेवढीही तसदी घेतली नाही. ती सरळ मान वर करून ऐकत होती.

"आता मला जायचंय," आत्या म्हणाली. "मला या माणसाबरोबर राहायचंय. सकाळचा चहा त्याच्याबरोबर प्यायचाय. वायरलेसवर सगळ्या नदीला ऐकवत बोलायचा मला कंटाळा आलाय. तू नको म्हणालास तरी मी जाणार. पण मग रडत जाईन, आणि मला या वयात रडत जायची अजिबात इच्छा नाही. तू एकटा जेवशील या विचाराने माझा जीव तुटतो, हे खरं आहे. पण त्यासाठी मी थांबले, तर रोज जेवताना तुझ्याकडे बघून मला ते आठवेल. ते तुला चालेल का?"

मग मागून म्हातारीने विचारलं, "काय म्हणते?"

"येते म्हणते," दादा म्हणाला.

"मग चहा टाकू की थांबू?"

"थांबा मावशी. ती अलीकडे आली की सगळ्यांचा एकदमच टाका."

मग फोनमध्ये भाचीने अशी किंकाळी फोडली की आत्याला फोन कानापासून दूर धरावा लागला.

"बाबा! काय म्हणालात?"

"काय म्हणालो? चहा टाका म्हणालो."

"अलीकडे म्हणालात! उजव्या काठाला तुम्ही अलीकडे म्हणालात! काका, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," बारक्याचा आवाज आला, तोंडात अंडं असल्यासारखा. "स्वच्छ ऐकलं. साक्ष देईन."

"वन्सं, ऐकलंत का?" धाकटी वहिनी लांबूनच ओरडली. "गेला हो तुमचा दादा हातचा!"

"अरे, काय लावलंय?" दादा चिडला, पण त्याच्या चिडण्यात काही दम नव्हता. "इथे खुर्ची टाकून बसलोय मी. समोर ती दिसतेय, तिथे. मग हे अलीकडे नाही तर काय? ठमे, तूच सांग यांना."

आत्या हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि दोन्ही एकाच हाताने करणं अवघड जात होतं.

"काय झालं?" टगवाल्यांनी खालून विचारलं.

"काही नाही," ती कशीबशी म्हणाली. "दादा पलीकडे गेला."

अखेर पाण्याची बोट आली. तापलेल्या लोखंडावर पाणी पडलं तशी वाफ उठली, फाटकाशी अडकलेल्या पोरांनी आरडाओरडा केला, बसवाल्यांनी हॉर्न वाजवले. आत्याने दांडा हळूहळू मागे घेतला. पूल खाली आला, जरा कुरकुरला, आणि गुमान आपल्या जागी बसला. हिरवा दिवा लागला.

फाटकं उघडताच उजव्या काठावरून सगळ्यांत पुढे कोण यावं? दादा. बारक्या, भाची, धाकटी वहिनी सगळी मागे राहिली. तो सरळ चालत आला, आणि बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याने एकदाही कठड्याकडे बघितलं नाही. त्याच्या बाजूने बदलीवाला धावत आला, उशीर झाला म्हणून माफी मागत जिना चढून वर गेला, आणि आत्याने त्याच्या हवाली केबिन करून पर्स उचलली.

ती खाली उतरली तेव्हा दादा आणि टगवाले समोरासमोर उभे होते. दादा त्यांना खालून वर न्याहाळत होता. टगवाल्यांनी हात पुढे केला, त्याला केकचं क्रीम लागलेलं दिसलं, घाईघाईने तो पँटला पुसला आणि पुन्हा पुढे केला.

दादाने तो हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तुमच्याकडे जिने फार आहेत हो," तो म्हणाला.

"हो. आहेत खरे."

"मला दोनदा थांबावं लागलं. रोज काही जमायचं नाही मला. रविवारी येत जाईन."

"या ना. मी खाली येईन तुम्हाला घ्यायला."

"खाली येऊ नका. चढेन मी. पण ही," दादाने आत्याकडे बघितलं नाही, "ही जेवताना भांडते. आधीच सांगून ठेवतो. गप्प बसलात तर जास्त भांडते. तिला उत्तर द्यायचं असतं."

"वायरलेसवर कळलं आहे मला ते," टगवाले गंभीरपणे म्हणाले.

दादा हसला. आठवडाभरात पहिल्यांदा तो असा तोंड भरून हसला, आणि आत्याच्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं. तो तिच्याजवळ आला. त्याचे हात म्हातारे झालेत, हे तिला आज नव्याने दिसलं.

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"तुला पोचवतो."

"अरे, आज पोचवतोस काय?" आत्या हसायला लागली. "आज नुसती बोलणी करायची आहेत."

"मग बोलत बोलत जाऊ," दादा म्हणाला, आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन पूल ओलांडायला लागला.